पिकअपचा डावा आरसा आणि जागच्या जागी फिरणारा इन्सर्ट : प्रकल्प नोंदी

शनिवार, ८ जून २०२४

पिकअप काल रंगकामाहून परत आली. डावं दार खालच्या कडेने गंजलं होतं. तेवढा पत्रा कापून नवा जोडून घेतला आणि दार पूर्ण रंगवून घेतलं. समुद्र चार-पाच किलोमीटरवर असला की कोकणात गाडीचं हे होतंच, त्यातून आंब्याच्या पेट्यांची ने-आण. हंगाम संपला की अशी कामं काढायची.

रंगाला देताना डावा आरसा उतरवून ठेवला होता, तो आज चढवायला घेतला. तीन बोल्ट आहेत, तिन्ही एम ६, म्हणजे ६ मिमी व्यासाचे. खालचे दोन्ही नीट लागले. वरचा तीन-चार आटे आत गेला, जड झाला आणि मग पान्याबरोबर नुसता फिरायला लागला. घट्टही होईना, बाहेरही येईना. पाना उलटा फिरवला तरी तेच. बोल्टाच्या डोक्यावर बोट ठेवून पाना हळू फिरवला तेव्हा दाराच्या आतून बारीक करकर हाताला लागली. म्हणजे बोल्ट आट्यात फिरत नव्हता, आतला नटच अख्खा पत्र्यात फिरत होता.

दाराचा पत्रा पातळ. एम ६ बोल्टाचे आटे एक मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे ०.८ मिमी पत्र्यात एक आटासुद्धा पुरा बसत नाही. म्हणून पत्र्याला भोक पाडून त्यात आतून आटे असलेली छोटी नळी बसवतात. तिला बाहेरून कॉलर, म्हणजे पत्र्यावर टेकणारी चपटी कड, असते. यंत्राने ओढलं की नळीचा आतला भाग दबून फुगतो आणि कॉलर व फुगवटा यांच्यामध्ये पत्रा आवळला जातो. दुकानात कोणी रिव्हेट नट म्हणतं, कोणी इन्सर्ट. वेल्डिंग नाही, मागून हात घालायची गरज नाही. पण सगळी भिस्त त्या आवळलेल्या पत्र्यावर. ती पकड सुटली की बोल्ट कितीही चांगला असो, काही उपयोग नाही.

आज इथेच थांबलो. पाना जोरात फिरवत बसलो तर भोक आणखी मोठं होईल, आणि आत्ता वाचवायचं आहे ते भोकच. आरसा खालच्या दोन बोल्टांवर उभा आहे. इंजिन चालू केलं की आरशातलं घर थरथरतं. असा आरसा घेऊन आंबा घाटात जाणं मला मान्य नाही. डाव्या बाजूने दुचाकी शिरते ती याच आरशात दिसते.

रविवार, ९ जून

आधी बोल्ट बाहेर काढायचा होता. तो आट्यांत अडकलेला आणि इन्सर्ट पत्र्यात सैल, म्हणून नुसत्या पान्याने काम होण्यासारखं नव्हतं.

खालचे दोन बोल्ट काढून आरशाची बैठक वरच्या बोल्टावर बाजूला वळवली. बैठकीमागे रबरी फोमचं गॅस्केट आहे. ते जरा दाबलं की पत्र्याला टेकलेली इन्सर्टची कॉलर दिसते. कॉलरची कड जेमतेम दीड मिलिमीटर जाड. ग्रिप पक्कड तिच्यावर बसेना, नव्या रंगावरून घसरायला लागली.

शेजारचे मेस्त्रीकाका फॅब्रिकेशनचं काम करतात. ते गेटपाशी उभं राहून बघत होते. म्हणाले, "अरे, त्याला धरू नको, त्याला ताण दे. बाहेर ओढलंस की मागचा फुगा पत्र्यावर घासेल, मग फिरायचा नाही."

मुद्दा बरोबर होता. इन्सर्ट फिरतो कारण त्याला अडवणारं घर्षण आट्यांतल्या घर्षणापेक्षा कमी पडतं. मग दोनच मार्ग उरतात : पत्र्याकडचं घर्षण वाढवायचं किंवा आट्यांतलं कमी करायचं. आम्ही दोन्ही केलं. बोल्टाच्या बाजूने गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि चहा होईपर्यंत मुरू दिला. मग पत्र्यावर जाड पुठ्ठा ठेवला, त्यावर लाकडाची पट्टी, आणि बैठकीखाली दोन बाजूंनी दोन पातळ लाकडी पाचरी सरकवल्या. लोखंडी पेचकस घातला असता तर रंग गेला असताच, शिवाय पत्र्याला पोचा आला असता. पाचरी हळूहळू आत ठोकल्या तशी बैठक बोल्टाच्या डोक्याला बाहेर रेटू लागली. काका पाचरी सांभाळत होते, मी रिंग पाना धरला.

पहिल्या पाव फेऱ्यात करकर आली. काकांनी पाचर आणखी एक ठोका आत घातली. मग कट् असा कोरडा आवाज झाला आणि बोल्ट आट्यात सुटला. तिथून पुढे अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, पुन्हा स्प्रे, असं करत तो काढला. सलग बाहेर ओढला असता तर आट्यांतला कचरा एकाच जागी साचून पुन्हा जाम झाला असता.

बोल्ट कापडावर ठेवून पाहिला. टोकाकडच्या आट्यांत पांढरा रंग सुकून बसलेला, त्याच्या मागे तांबडा गंज. रंग मारताना या भोकात काही घातलेलं नव्हतं. खालच्या दोन भोकांवर चिकटपट्टीचा गोंद अजून दिसतो, वरच्याभोवती नाही. रंगाला गाडी द्याल तेव्हा प्रत्येक इन्सर्टमध्ये जुना बोल्ट चार आटे फिरवून ठेवून द्या. चिकटपट्टी निघते, बोल्ट निघत नाही.

बुधवार, १२ जून

संध्याकाळी दाराचं आतलं ट्रिम उघडलं. एक आशा होती की मागून हात पोचला तर इन्सर्टच्या भानगडीत न पडता नट वेल्ड केलेली पट्टी आत सरकवून काम भागेल. पण आरशाच्या कोपऱ्यात काचेचा चॅनल आडवा येतो. दोन बोटं जातात, पाना जात नाही. चॅनल सोडवायचा तर काच उतरवा, मग ती पुन्हा लाइनीत बसवा. एका नटासाठी तेवढं दार खोलायचं नाही असं ठरवलं.

जुना इन्सर्ट कापायचा होता. कॉलरवर ड्रिल लावलं की तो ड्रिलबरोबर फिरणार हे उघड होतं, म्हणून ड्रिल लावलंच नाही. हातातल्या छोट्या ग्राइंडरला बारीक दगड लावला आणि कॉलर वरून घासत नेली. भोवती पत्र्यावर मास्किंग टेपचे तीन थर आणि त्यावर टिनाच्या डब्याचा कापलेला तुकडा ठेवला होता. कॉलर कागदाइतकी पातळ झाली तेव्हा पंचाचा हलका ठोका दिला आणि नळी आत पडली. खाली आधीच फडकं कोंबलं होतं. लोहचुंबकाच्या दांडीने ती सर्व्हिस होलमधून बाहेर काढली. दारात काही पडून राहिलं तर ते खालच्या निचऱ्याच्या भोकावर जाऊन बसतं, तिथे पाणी तुंबतं, आणि मग ज्या गंजाचं काम नुकतंच करून घेतलं तोच परत सुरू होतो.

घासताना उडालेला लोखंडी कीस त्याच वेळी ओल्या फडक्याने आणि मग चुंबकाने उचलून घेतला. या हवेत कीस रात्रभर रंगावर राहिला तर सकाळी तांबडे ठिपके दिसतात.

काढलेला इन्सर्ट आता टेबलावर आहे. अंग गुळगुळीत, पकडीसाठी असतात तशा उभ्या रेघा नाहीत. फुगवटा एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणजे मुळात तिरका ओढला गेलेला. कॉलरच्या खालच्या अंगाला गंजाची भुकटी आहे. भोक व्हर्नियरने मोजलं. एम ६ साठी साधारण ९ मिमी लागतं, हे उभं ९.४ आणि आडवं ९.३ भरलं. रंग खरवडून पत्रा मोजला, ०.८.

ही वस्तू हातात घेतली की ती ज्याने शोधली त्याचं कौतुक वाटतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीने ही जुळणी आणली. विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेवर बर्फ फोडणारे रबरी पट्टे बसवायचे होते, आणि पंख आतून बंद, मागे नट धरायला हात जात नाही. माझ्या दाराच्या कोपऱ्यात आज हीच अडचण आहे.

मग गॅस्केट उलटसुलट करून पाहिलं, आणि खरं कारण तिथे सापडलं. हा आरसा गाडीचा मूळचा नाही, मूळचा फुटल्यावर बाजारातून आणलेला आहे. मूळ बैठकीत प्रत्येक बोल्टाभोवती धातूची छोटी बुशी, म्हणजे नळकांडी, होती, ती थेट कॉलरवर टेकायची. या बैठकीत बुशी नाही. तिथे ४ मिमी जाड फोम, त्याला १४ मिमीचं भोक, आणि इन्सर्टची कॉलर १३ मिमीची. म्हणजे बैठक कॉलरला टेकतच नाही. बोल्ट आवळताना बैठक फोम दाबत राहते आणि इन्सर्ट त्या पोकळीत बाहेर खेचला जातो.

बैठक कॉलरवर टेकत असेल तर बोल्ट जितका आवळाल तितका पत्रा कॉलर आणि फुगवटा यांच्यात दाबला जातो, आणि इन्सर्टची पकड वाढत जाते. इथे ती मदत मिळतच नव्हती. पहिल्या आट्यापासून शेवटापर्यंत इन्सर्टला एकट्यानेच तग धरायचा होता. त्यात अंग गुळगुळीत आणि आट्यांत रंग. मग फिरला यात नवल नाही.

शनिवार, १५ जून

मुंबईतल्या भाच्याला यादी पाठवली होती. तो नागदेवी स्ट्रीटवर जाऊन सामान घेऊन आला आणि रात्रीच्या गाडीने पार्सल टाकलं. सकाळी स्टँडवरून आणलं. रत्नागिरीत साधे इन्सर्ट मिळतात, पण मला षटकोनी अंगाचे हवे होते.

इन्सर्ट निवडताना जे पर्याय बाद केले ते लिहून ठेवतो, कारण प्रत्येक पर्याय कोणी ना कोणी सुचवलाच.

एम-सील किंवा अरल्डाइट भरून जुनाच इन्सर्ट पक्का करायचा, हा सल्ला सर्वांत जास्त वेळा ऐकला. चिकटायला स्वच्छ, खरबरीत पृष्ठभाग लागतो. इथे गंजाची भुकटी आणि स्प्रेचं तेल. वर्षभर तो टिकेलही. पण पुढच्या वेळी बोल्ट सोडताना तोच सांधा तुटणार, आणि तेव्हा भोकात गोंदाचे तुकडेही असतील.

जुनाच इन्सर्ट पुन्हा ओढून आवळायचा. भोक ठीक असतं आणि इन्सर्ट नुसता कमी दाबलेला असता, तर मी हेच पहिलं केलं असतं. पण ९.४ च्या भोकात गुळगुळीत नळी कितीही दाबली तरी तिला अडायला काही नाही.

मोठा, एम ८ चा इन्सर्ट. त्याला ११ मिमी भोक लागतं, ते पत्र्यात सहज होईल. पण मग बैठकीतलं भोकही मोठं करावं लागेल, आणि बैठकीची भिंत त्या जागी आधीच अरुंद आहे.

बैठक सरळ पत्र्याला वेल्ड करायची, असं मेस्त्रीकाका म्हणाले. त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. पण नवा रंग, काचेचं रबर आणि आतलं प्लास्टिक, सगळं त्या उष्णतेत जाईल. शिवाय आरशाला धक्का बसल्यावर तो वळायला हवा. आरशांची आपल्याकडची मानकं, एआयएस-००१ आणि एआयएस-००२, पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेली आहेत, आणि आरशाला लंबकाने ठोकून पाहण्याची चाचणी त्यात आहे. ती चालणाऱ्या माणसासाठी आहे. आमच्या गावात रस्त्याच्या कडेने जांभ्याचे गडगे आणि त्यांना लागून शाळेची मुलं चालतात. कायमचा जखडलेला आरसा मला नको. काकांना हे पटलं.

राहिला षटकोनी इन्सर्ट. एम ६ चा षटकोनी इन्सर्ट समोरासमोरच्या बाजूंत ९ मिमी असतो, आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात साधारण १०.४. माझं गोल भोक ९.४ चं. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यासाठी कानशीने फक्त अर्धा मिमी पुढे जायचं. भोक बिघडलं होतं तेच आता कामाला येणार. षटकोनी अंग षटकोनी भोकात बसलं की फिरण्याचा प्रश्न घर्षणावर राहतच नाही, कोपरेच अडवतात. कॉलर १३ मिमीची असल्यामुळे कोपरे तिच्याखाली झाकले जातात.

आधी तुकड्यावर करून पाहिलं. मेस्त्रीकाकांकडे जुन्या दाराचा ०.८ चाच पत्रा पडलेला होता. त्यात ९.४ ची तीन भोकं पाडून एकात गुळगुळीत इन्सर्ट, एकात उभ्या रेघांचा, आणि एक भोक षटकोनी करून त्यात षटकोनी बसवला. तपासणीसाठी बोल्टाच्या डोक्याखाली एक मोठी कडी ठेवली, आतून इतकी रुंद की ती कॉलरला न शिवता पत्र्यावर टेकेल. माझ्या गॅस्केटने जी परिस्थिती केली होती तीच मुद्दाम उभी केली. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या पिळाला टक् करणारा पाना, ६ न्यूटन-मीटरवर लावला. गुळगुळीत इन्सर्ट तिथे पोचायच्या आधीच फिरला. रेघांचा पोचला, पण पुन्हा सोडून आवळल्यावर सैल वाटायला लागला. षटकोनी ढिम्म. पाना ८ वर नेला तरी हलला नाही. उलट पत्राच कडीभोवती किंचित वर उचलला गेला, तेव्हा थांबलो.

रविवार, १६ जून

दिवसभर पाऊस. गाडी शेडमध्ये घेतली आणि कानशी काढल्या.

भोकावर षटकोनाची आखणी करायला इन्सर्टलाच बोल्ट लावला आणि तो बाहेरून भोकावर टेकवून बारीक मार्करने सहा कोपरे उमटवले. एक कोपरा सरळ वरच्या बाजूला घेतला. मग चपटी सुई-कानस. कोपऱ्याच्या एका बाजूने चार घास, दुसऱ्या बाजूने चार घास, मग समोरचा कोपरा. एकच कोपरा पुरा करून पुढे गेलं तर भोकाचा मध्य सरकतो, म्हणून समोरासमोर काम केलं. दर थोड्या वेळाने इन्सर्ट लावून पाहायचा, आणि त्यात बोल्ट असतोच, म्हणजे तो आत पडायची भीती नाही. सगळ्यात जास्त वेळ याच कामात गेला, आणि जायलाच हवा होता. शेवटी इन्सर्ट अंगठ्याने दाबल्यावर थोडा अडून मग आत बसला. बोल्टाला हाताने पीळ दिला तर अजिबात हालचाल नाही, अजून ओढलेलाही नसताना.

कापलेली कड उघडं लोखंड आहे. कानसलेली कड गोल केली, आतल्या बाजूची बूर काढली, थिनरने पुसलं आणि झिंक प्रायमर बारीक ब्रशने कडेला आणि आतल्या बाजूला दोन्हीकडे लावला. या दमट हवेत तो लवकर सुकत नाही. शेडमध्ये साधा शंभर वॅटचा पिवळा बल्ब दाराजवळ लटकवला आणि रात्रभर ठेवला.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे चुकूनही लावू नये. ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि उघड्या लोखंडाला तिथूनच गंज धरतो. पाणी अडवायला म्हणून लावलेली वस्तूच पत्रा खाते, हे आमच्याकडे कित्येक गाड्यांच्या काचेच्या कडेला पाहिलं आहे.

सोमवार, १७ जून

इन्सर्ट ओढला. ओढायचं हत्यार माझ्याकडे नाही, पण बोल्ट आणि नट यांनीच ते काम चांगलं होतं.

एम ६ चा १२.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त मजबूत, ॲलन बोल्ट घेतला. त्यावर आधी नट डोक्यापर्यंत फिरवला, मग ग्रीस लावलेले दोन वायसर, मग ६.५ मिमी भोक पाडलेली ५ मिमी जाड लोखंडी पट्टी. बोल्ट इन्सर्टमध्ये पुरा फिरवला, टोक दुसऱ्या बाजूने बाहेर दिसेपर्यंत. कमी आटे धरले तर ओढताना तेच ओरबाडले जातात. इन्सर्टच्या अंगाला ओला प्रायमर लावून भोकात बसवला. पट्टीने कॉलर पत्र्याला सपाट टेकवून धरली. डाव्या हाताने ॲलन की स्थिर ठेवायची आणि उजव्या हाताने नट पान्याने घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. नट पट्टीला दाबतो, बोल्ट बाहेर ओढला जातो आणि नळी आत फुगते.

एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर. तुकड्यावर करताना अडीच फेऱ्यांना पाना एकदम जड झाला होता, ती खूण मनात होती. इथेही पहिले दोन फेरे एकसारखे मऊ गेले आणि मग हाताला भिंत लागली. तिथून फक्त अष्टमांश फेरा आणखी. त्याच्यापुढे ताकद लावली तर आटे जातात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पट्टी काढून पाहिलं, कॉलर चौफेर पत्र्याला टेकलेली आहे, नख शिरत नाही. कडेने प्रायमरची बारीक ओळ बाहेर आली होती, ती पुसून घेतली.

आत फोनचा कॅमेरा घालून फोटो काढला. फुगवटा सगळीकडून सारखा आहे. जुन्याच्या शेजारी ठेवून पाहिला तर फरक लगेच कळतो.

शनिवार, २२ जून

आरसा चढवला.

त्याआधी खालच्या दोन इन्सर्टचे आटे साफ केले. आटे पाडायचा टॅप घातला नाही. टॅप धातू कापतो, आणि दाबलेल्या इन्सर्टचे आटे थोडे आवळलेले असतात ते कापून सैल होतात. एका जुन्या एम ६ बोल्टाला हॅक्सॉने लांबीच्या दिशेने तीन खाचा पाडल्या, तेल लावलं आणि हाताने आत-बाहेर फिरवला. रंगाचे कण खाचांत गोळा होऊन बाहेर आले. बोल्ट दर वेळी पुसायचा आणि परत घालायचा.

गॅस्केटची अडचण अगदी साध्या वस्तूने सुटली. फोम ४ मिमीचा आहे, बैठक नीट बसली की तो दबून साधारण ३ होतो. कॉलर दीड मिमीची. राहिलं अंतर दीड मिमी. एम ६ चा साधा वायसर १.६ मिमी जाड आणि १२ मिमी व्यासाचा असतो, म्हणजे १४ च्या भोकात आरामात मावतो. तिन्ही जागी कॉलरवर एकेक वायसर ठेवला, फोमच्या भोकातच. आता बैठक वायसरवर, वायसर कॉलरवर, कॉलर पत्र्यावर. बोल्ट आवळला की पत्रा आवळला जातो. वायसर जागेवरून हलू नये म्हणून ग्रीसचा ठिपका पुरतो.

बोल्ट नवे, ८.८ ग्रेडचे, जस्ताचा मुलामा दिलेले. यातला पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलची ताणशक्ती आणि दुसरा म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा ताणायला लागतो. आमच्याकडे गंजाच्या भीतीने सर्रास स्टेनलेसचे बोल्ट लावतात. स्टेनलेस स्वतः गंजत नाही हे खरं, पण खाऱ्या ओलाव्यात तो शेजारच्या जस्ताला आणि लोखंडाला खायला लावतो. इन्सर्ट जस्ताच्या मुलाम्याचा, मग बोल्टही तसाच.

आटे चिकटवणारं निळं लोशनही लावलं नाही. ते सोडवताना जी ताकद लागते ती आधी इन्सर्टला सोसावी लागते. षटकोनी इन्सर्ट ती सोसेल, पण खालचे दोन जुने आहेत. त्याऐवजी आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) आणि डोक्याखाली स्प्रिंग वायसर. आटे बुळबुळीत असले की त्याच टॉर्कला बोल्टात ताण जास्त येतो, म्हणून कोरड्या बोल्टाच्या १० न्यूटन-मीटरपर्यंत जायचा विचारच केला नाही. तिन्ही बोल्ट आधी हाताने, मग ३ वर, मग ६ वर. वरचा बोल्ट ६ वर आला तेव्हा पान्याने टक् केलं, आणि माझा हात तेवढ्यासाठी थांबून राहिला होता. बैठक हाताने हलवून पाहिली, दार हललं, आरसा नाही.

शेवटी तिन्ही बोल्टांच्या डोक्यावरून बैठकीपर्यंत पिवळ्या पेंट मार्करने एकेक रेघ मारली. बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

डावा आरसा बहिर्गोल आहे, म्हणून मागचं वाहन त्यात असतं त्याहून लांब भासतं. तो लावताना गाडीची कड आतल्या बाजूला जेमतेम पट्टीएवढी दिसेल आणि क्षितिज मध्यावर येईल असा लावला. इंजिन चालू करून रेस दिली. मागच्या माडाच्या झावळ्या स्पष्ट, वेगवेगळ्या दिसल्या.

रविवार, ४ ऑगस्ट

पाऊस भरपूर झाला. मधल्या काळात गाडी कोल्हापूरला आंबा घाटातून जाऊन आली, राष्ट्रीय महामार्ग ६६ वर खड्ड्यांतून गेली, आणि एका वळणावर समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना आरसा झाडीला लागून आत वळला. वळला आणि हाताने परत जागेवर आला, बैठक हलली नाही.

आज उन्हाची उघडीप होती तेव्हा तपासणी केली. तिन्ही रेघा अखंड. टॉर्क पाना ६ वर लावून फक्त टेकवला, तिन्ही बोल्टांवर लगेच टक् झालं. वरचा बोल्ट मुद्दाम पूर्ण बाहेर काढून पाहिला. सुटताना सैलपणा किंवा करकर काही नाही, आटे स्वच्छ, अँटी-सीझ अजून ओलं आहे. कॉलरच्या कडेला गंजाची रेघ नाही. फोमच्या खालच्या बाजूला पाणी साचल्याची खूण होती. म्हणून फोमच्या सर्वांत खालच्या कडेला ब्लेडने छोटी खाच पाडली, आत गेलेलं पाणी तिथून निघून जाईल.

खालच्या दोन इन्सर्टपैकी मागचा बोल्ट आवळताना सुरुवातीला किंचित मऊ वाटतो. फिरत नाही, पण हाताला फरक कळतो. षटकोनी इन्सर्ट शिल्लक आहेत. दिवाळीआधी हवा कोरडी झाली की तोही बदलणार, बोल्ट आत अडकण्याची वाट न बघता.

उजव्या दाराचा आरसाही बाजारातलाच आहे, तिथेही बुशी नाहीत. आज त्याचे तिन्ही बोल्ट सोडून कॉलरवर वायसर ठेवले आणि परत ६ वर आवळले.